जात्याच्या डाव्या अंगाला

प्रिय उत्तरेश्वर,

"सूनबाई, जोडं मोजून ताटं मांडायची. तोंडं बघत बसायचं न्हाय." लग्न होऊन या घरात आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी आत्याबाईंनी मला हे सांगितलं होतं. आज सकाळपासून तेवढं एकच वाक्य माझ्या कानात घोळतंय. अक्षर वेडंवाकडं आलं तर समजून घे. आपल्या बापूंनी मला घरात बसवून मराठी लिहायला शिकवलं, तेव्हा त्यांच्या मनात तरी आलं असेल का, की मला असलं पत्र लिहावं लागेल?

तू आलास आणि मी दार लावून घेतलं, त्याला आता तीन आठवडे होत आले. सगळं गाव गोळा झालं होतं. तुझी जीप पारापाशी थांबली, तू उतरलास, अंगावर खाकी, पायात बूट. खाकी बघितली की अजून मी दाराआड होते, मग आत कोणी का असेना. तू दाराबाहेरून म्हणालास, "आक्का, धाराशिवातल्या एकाही वकिलानं मकबूलचं वकीलपत्र घेतलं नाही. लष्करानं मला नेमलंय. कुणीतरी त्याच्या बाजूनं उभं राहिलंच पाहिजे." आणि मी आतून काय म्हणाले ते तुझ्या लक्षात असेलच. दाजीच्या रक्तावर बूट ठेवून आलास, असं म्हणाले. मी लहानाचा मोठा केलेला माझा भाऊ माझ्याच नवऱ्याला मारणाऱ्याचा वकील होऊन यावा, हे मला सोसवलं नाही. पोरं तुझ्या जीपमागं शेण फेकत वेशीपर्यंत गेली, ते मी खिडकीतून बघितलं. आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

नंतर मात्र तुझं लहानपण आठवत राहिलं. उर्दू शाळेतले मौलवीसाहेब दौत सांडली म्हणून कुंभाराच्या पोराला मारायला उठले, तेव्हा तू उभा राहून विचारलंस, "कशावरनं त्यानंच सांडली?" छडी तुलाच बसली. हातावर हळद लावताना मी रागावले, तर तू मलाच विचारलंस, "आक्का, त्यानंच सांडली, कशावरनं?" त्या दिवसापासून बापू तुला कशावरनं-वकील म्हणायला लागले. पुढं तू सोलापूरला गेलास, पुण्यात कायदा शिकलास, फौजेत कॅप्टन झालास, पण तुझा तो शब्द काही सुटला नाही. म्हणूनच पुढं जे लिहिते, ते तुझ्या 'कशावरनं'ला उत्तर देत देत लिहिते.

मकबूल नालबंद काही सज्जन माणूस नव्हे, हे आधी लिहून ठेवते. रझाकारांची खाकी त्यानं चढवली होती. ढोकीच्या बाजारात लाठी घेऊन कवायत करताना लोकांनी त्याला पाहिलंय. गावातल्या लक्ष्मीबाईच्या खळ्यावरून ज्वारीचं पोतं उचलून नेलं, तेव्हा ती रडत त्याच्या मागं धावली होती. त्याआधी वीस वर्षं तो आमच्या बैलांना आणि घोडीला नाल मारत होता. तुझ्या दाजींचा आणि त्याचा इतका घरोबा, की मोहरमला पंजाची सवारी निघाली की दोघं एकाच बाजूला खांदा द्यायचे. म्हणून तर लोकांना त्याचा जास्त राग. परक्यानं केलं असतं तर गावानं एवढं मनाला लावून घेतलं नसतं. तो फासावर जावा, असं मलाही वर्षभर वाटत होतं.

तो दिवस मी तुला कधीच नीट सांगितला नाही. भर दुपार होती. मी पडवीत जात्यावर बसले होते आणि आत्याबाई चुलीपाशी होत्या. बाहेर गोळ्यांचा आवाज झाला. अंगणात पाच-सहा खाकीवाले घुसले. मी पदर खाली ओढला आणि भिंतीला चिकटून बसले. त्यातला एक, तोंडाला फडकं गुंडाळलेला, सरळ पडवीत आला. त्यानं कुणाला काही विचारलं नाही. माझ्यापासून हातभर अंतरावर तो खाली बसला आणि बुटाचे बंद सोडायला लागला. बाहेर बायका किंचाळत होत्या, आणि हा बाबा सावकाश बूट काढून, टाचा भिंतीकडं करून ठेवत होता. मग अनवाणी देवघरात गेला. निजामाविरुद्ध लढणाऱ्या सरहद्दीवरच्या कॅम्पातल्या पोरांच्या बंदुका देवघराच्या फळीमागं लपवल्या होत्या, ते त्याला ठाऊक होतं. मागच्या दारानं तुझे दाजी धावत आले. देवघराच्या उंबऱ्यावर थबकले. "आरं, तू?" एवढंच म्हणाले. मग बार झाला. तो माणूस बंदुका काखेत घेऊन बाहेर आला, बूट हातात उचलले आणि पळाला.

त्यानं बूट काढले, हे मीच सगळ्यांना सांगितलं. खाकीतल्या माणसालाही देवाचं भय वाटलं, याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं. तुझ्या दाजींचे धाकटे भाऊ, हिंमतराव भावजी, तेव्हा सरहद्दीच्या कॅम्पात होते, निदान आम्हाला तसं ठाऊक होतं. पोलीस अॅक्शननंतर ते गळ्यात हार घालून परत आले, आणि माझं बोलणं ऐकून लगेच म्हणाले, "मग दुसरं कोण असणार वहिनी? मकबूल्याच. त्यालाच आपल्या घरची रीत म्हायती." सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं. "आरं, तू?" हे ओळखीच्या माणसाला म्हटलेलं होतं, आणि मकबूल ओळखीचाच होता. तुझ्यासमोर उभा राहिलेला खटला त्या बुटांवर बांधलाय, उत्तरेश्वर. आणि त्या रीतीची साक्ष देणारे सरकारचे मुख्य साक्षीदार हिंमतरावच आहेत, हे तुला माहीत आहेच.

गेल्या महिन्यात मकबूलची बायको जैनबबी आली होती. अॅक्शननंतरच्या दंगलीत तिचे दोन्ही भाऊ गेले. घर जळालं. आता ती लेकरं घेऊन आपल्या जिल्ह्यातल्याच वाशीला मावशीकडं राहते. तेवढं अंतर चालत आली होती. मी दार उघडलं नाही. ती ओट्याखालीच उभी राहिली आणि म्हणाली, "भाबी, उनो कब्बी ओटे के ऊपर आये क्या? जोडे किधर काढते थे उनो? तुमकूच मालूम है." मी तिला निघून जा म्हणाले. आज वाटतं, ती रडत नव्हती, ती मला अगदी सरळ प्रश्न विचारत होती. तिच्या नवऱ्याचे जोडे ओट्याखाली, अंगणातल्या झाडापाशी असायचे. वीस वर्षांत त्याचा पाय पडवीला लागला नाही. आम्ही येऊ दिला नाही आणि तो आला नाही. दोन्ही बाजूंनी कुणाला त्यात काही वावगंही वाटलं नाही.

मग आज सकाळी काय झालं, ते ऐक. परत आल्यापासून हिंमतराव धाराशिवातच राहत होते. मिरवणुका, कमिट्या, भाषणं. इथं आले तरी ओट्यावर बसून चार लोकांशी बोलून निघून जायचे. "आईचं तोंड बघवत न्हाय," म्हणायचे. आज ते पहिल्यांदा पडवीत आले. सोमवारी माझी साक्ष आहे, ती पढवायला आले होते. म्हणाले, "वहिनी, तुमी कायबी बोलू नका. नुसत्या रडा. बाकीचं म्या सांगतो." आणि बोलता बोलता बुटांचे बंद सोडले, बूट उचलले आणि जात्याच्या डाव्या अंगाला ठेवायला वाकले.

ती जागा त्यांची आहे. या घरात प्रत्येक पुरुषाची जोड्याची जागा ठरलेली. सासऱ्यांचा जोडा खुंटीखाली, तुझ्या दाजींचा दाराच्या कडेला, आणि जात्याच्या डाव्या अंगाचा कोपरा हिंमतरावांचा. मिसरूडही फुटलं नव्हतं, तेव्हाच त्यांनी तो भांडून घेतला होता. थोरल्याचा पाय नव्या जोड्यावर पडू नये म्हणून. पाव्हणा कितीही मोठा असला तरी त्याचे जोडे ओट्याखाली. पडवीत फक्त घरच्यांचे. म्हणून तर मान वर न करता मला कळायचं, आज कोण जेवायला आहे, कुणाचं ताट मांडायचं.

पण आज त्या कोपऱ्यात जागा नव्हती. तिथं रांजण आहे. तुझे दाजी गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी तो रांजण अंगणातून स्वतः सरकवत तिथं आणला होता. सत्तर वर्षांची बाई. मी आडवी गेले, तर माझा हात झटकला. मला वाटलं, दुःखानं डोकं फिरलंय. तेव्हापासून त्या रांजणात मीच रोज पाणी भरते.

हिंमतराव हातात बूट घेऊन उभे राहिले आणि हसून म्हणाले, "आई, माझी जागा का अडवलीस गं?" आत्याबाईंनी मान वर केली नाही. वर्षभरात त्या लेकाशी अवाक्षर बोलल्या नव्हत्या. म्हणाल्या, "जोडं भाईर काढ. ओट्याखाली."

उत्तरेश्वर, माझ्या हातातला तांब्या पडला. त्या दिवशी ते बूट कुठं ठेवले होते, ते मला दिसलं, जसं आत्ता तुला अक्षर दिसतंय तसं. जात्याच्या डाव्या अंगाला, टाचा भिंतीकडं. माझ्या गुडघ्याला लागतील इतके जवळ. मी वर्षभर लोकांना सांगत होते, त्यानं बूट काढले. कुठं ठेवले, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. बंदुकांचा आवाज, अंगात रझाकाराची खाकी, तोंडाला फडकं, आणि पाय मात्र आपल्या सवयीनं आपल्या कोपऱ्याकडं गेले. मकबूलला आमची रीत ठाऊक होती, हे खरं. पण ती रीत त्याला ओट्याखाली थांबवणारी होती.

हिंमतरावांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बसून पाणी पुसायला लागले. त्यांना काय कळलं, काय नाही, मला सांगता येत नाही. बूट बाहेर ठेवून ते चावडीवर गेले. सोमवारपर्यंत इथंच मुक्काम आहे म्हणाले. सोमवारी मला आपल्याच गाडीतून कचेरीत नेणार आहेत. त्यांनी हे का केलं, कुणाच्या सांगण्यावरून केलं, कॅम्पातून ते कधी फुटले, मला काही माहीत नाही. त्यांनी केलं, एवढंच माहीत आहे. आणि गंमत बघ, त्यांच्यासाठी मी आत्ता शेंगाची चटणी कुटून ठेवली आहे. त्यांना आवडते म्हणून. हात आपोआप चालले.

ते गेल्यावर मी आत्याबाईंच्या जवळ जाऊन बसले. मग विचारलं, "आत्याबाई, तुम्ही बघितलं होतं?" त्या म्हणाल्या, "चुलीपासून बूटच दिसत व्हते." मी विचारलं, मग वर्षभर गप्प का? तर माझ्याकडं अशा बघायला लागल्या, की मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. एक लेक मातीत गेलेला, दुसऱ्याचं नाव त्यांनी तोंडानं घ्यायचं, आणि कुणापाशी? माझ्यापाशी? त्यांच्या हातून जे होण्यासारखं होतं, ते त्यांनी केलं होतं. रांजण सरकवला होता. शेवटी त्याच म्हणाल्या, "सत्यभामा, कोर्टात रडू नगंस. ईचारतील तेवढं नीट सांग. त्या जैनबच्या दारात म्या कुठल्या तोंडानं जाऊ?" लग्नानंतर त्यांनी मला पहिल्यांदा नावानं हाक मारली. आणि मग जात्यावर बसून दळायला लागल्या. दाणे घातलेले नव्हते. रिकामंच जातं फिरवत होत्या.

आता मी हे का लिहिलं, ते सांगते. सारवायला येणारी सिताबाई उद्या बाजाराला धाराशिवला जाते आहे, ती हे तुझ्या हातात देईल. वाचून झाल्यावर जाळून टाक. तुला वाचता वाचताच जीप काढावीशी वाटेल, हे मला ठाऊक आहे. आक्काला आधी त्या घरातून बाहेर काढू, खटल्याचं मागून बघू, असंच तुझ्या मनात येईल. तुझ्या जागी मी असते तर हेच केलं असतं. पण तू मला नेलंस, की सोमवारी मी सरकारची साक्षीदार राहणार नाही. कॅप्टनची बहीण होईन, भावानं पढवलेली. मग माझ्या बुटांवर कोण विश्वास ठेवेल? मला हिंमतरावांच्याच गाडीतून यायचं आहे. त्यांच्याच शेजारी बसून, त्यांनीच पिंजऱ्यात उभी केलेली. सरकारी वकिलाचं झालं की तू ऊठ, मला आक्का म्हणू नकोस, बाई म्हण, आणि एकच विचार, की बूट कुठं ठेवले होते. तोपर्यंतचे हे चार दिवस मी इथंच राहीन, त्यांना वाढीन, रांजण भरीन. तू नाही म्हणशील. सिताबाईच्या हातून उलट निरोपही धाडशील, आक्का तयार राहा म्हणून. तरी मागते. आयुष्यात तुझ्याकडं पहिल्यांदाच काही मागते आहे. जीप पाठवू नकोस, उत्तरेश्वर. माझं नाव पुकारेपर्यंत मला या घरात राहू दे.

तुझ्या तोंडावर दार लावणारी, तरी तुझीच,
आक्का