तीन बोटं

प्रिय नेव्हियोदादा,

आज शाळेतल्या पीनाबाई दारातूनच ओरडल्या, "मास्तर, तुमचे शर्यतीचे लाकडी अडथळे भट्टीत घालायला काढलेत. निरोप देऊन या!"

तू बनवलेले दहाही अडथळे शाळेच्या अंगणात पडले होते. त्यांच्यावरून धावताना पाठ केलेल्या कवितेसारखी पावलं आपोआप पडायची. सहज एक उचलून शाळेने आणलेल्या नव्या, नियमाच्या मापाच्या अडथळ्याशेजारी उभा केला. उंचीला तीन बोटं कमी. मग एकेक करत दहाही मोजले. सगळे नेमके तीन बोटं कमी.

चर्चचा दरवाजा केसभरही न चुकवणारा सुतार तू, म्हणून तर कुणी ते कधी मोजले नाहीत. तू ते बनवलेस त्या वसंतात, उड्यांच्या सरावात फुटलेल्या माझ्या नडगीचं रक्त पुसताना आई तुला म्हणाली होती, "काहीतरी कर रे, मला बघवत नाही."

तू केलंस. गावात मी कधी हरलो नाही आणि बाहेर प्रत्येक मैदानावर अडखळलो. रोमला तर तिसऱ्याच अडथळ्यावर तोंडावर आपटलो. बारमध्ये म्हणायचे, "घरचा वाघ आला, खुर्च्या बाजूला घ्या, अडखळेल!" तूही हसायचास. चोविसाव्या वर्षी धावणं सोडलं. आपण आतून भित्रे, असं मानून पन्नास वर्षं जगलो. त्याच समजुतीपायी ऑर्नेलाला लग्नाचं विचारलंसुद्धा नाही.

मी भित्रा नव्हतो, दादा. चौऱ्याहत्तराव्या वर्षी हे कळून मी काय करू?

रविवारी तुझा फोन येईल, गुडघा कसा आहे विचारशील. बरा आहे, म्हणेन. तू ब्याऐंशीचा झालास, म्हणून हे पत्र टपालात टाकत नाही. माफ केलं, असं मात्र समजू नकोस.

तुझाच धाकटा,
रिको