आठव्या वाराचा निकाल

मी, खाली सही करणारी, व्यवसायाने प्रोग्रॅमर, वय पासष्ट, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. किडन्या थकल्या असल्या तरी डोकं शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला जोडला आहे. मरायची मला घाई नाही, पण कामं शेवटच्या दिवसावर टाकू नयेत एवढं या धंद्यात शिकले.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक धाकट्या भावाला, जो धंद्यातही माझ्यासोबत आहे. ऑफिसातली माझी खुर्चीही त्यालाच; इतकी वर्षं तिच्यावर डोळा होता, आता खुशाल बसावं.

२. डायलिसिस केंद्राचा प्रोग्रॅम, म्हणजे कोणत्या पेशंटला कोणत्या वारी कोणत्या मशिनवर घ्यायचं हे ठरवणारी आमची खरी मिळकत, तिचे सर्व हक्क आणि पासवर्ड मात्र भावाला नाहीत. ते माझ्या भाचीला, म्हणजे त्याच्याच मुलीला. कारण सांगते.

मी प्रोग्रॅम लिहिला तेव्हा रविवारी एकच शिफ्ट धरली होती. पुढे डॉक्टरांना दुसरी हवी झाली. मुळातून बदलायला आठवडा लागला असता. भावाने परस्पर शब्द दिला, "उद्या सकाळी चालू होईल," आणि मला म्हणाला, "ताई, सध्या दुसऱ्या शिफ्टच्या नावाने आठवड्यात एक आठवा वार घाल आणि मोकळी हो. नंतर नीट करू." ते नंतर काही उजाडलं नाही. औषधांचा साठा, सिस्टरांच्या रजा, बिलं, जे जे नवं लिहिलं त्या प्रत्येकाला आठवा वार समजावून सांगावा लागला. आमच्याकडे याला तांत्रिक कर्ज म्हणतात: घाईत सोय उचलायची आणि पुढच्या प्रत्येक कामात तिचं व्याज भरायचं. आता साधा बदलसुद्धा नाकी नऊ आणतो.

भाऊ म्हणतो, "सगळं फेकून नवं लिहू." मी त्याला ओळखून आहे. नवं होईपर्यंत जुनं वाऱ्यावर सोडेल, आणि इथे कुणाचा नंबर हुकला तर त्याच्या अंगावर सूज चढते, धाप लागते. हे ऐकीव नाही. माझाही नंबर आठव्या वारीच असतो.

३. भाचीला अटी. प्रोग्रॅमच्या ज्या भागात नवं काम निघेल तो आधी आवरायचा. हात लावण्यापूर्वी चाचणी लिहायची. दर महिन्याला डागडुजीसाठी वेळ राखायचा आणि तो बापाने मागितला तरी द्यायचा नाही. हेड सिस्टर हो म्हणेपर्यंत काहीही चालू करायचं नाही; पेशंटपाशी त्या उभ्या असतात, आपण नाही.

४. आठवा वार काढायला सुरुवात माझ्या नंबरापासून करावी, अशी अट घालणार होते. पोरीने ती लिहूच दिली नाही. म्हणाली, "आत्या, चुकलं तर सगळ्यांत जास्त तूच ओरडशील, म्हणून पहिला नंबर तुझाच काढूनही झालाय."

आज हेड सिस्टरांनी स्क्रीन बघून हाक मारली, "रविवार, दुसरी शिफ्ट." मी बसूनच राहिले, सवय आठव्या वाराची. "मॅडम, तुम्हालाच बोलावतेय." वेळेवर, ठरलेल्या मशिनवर. डोळे भरून आले, लपवत नाही. बाकीचे पेशंट एकेक करून रविवारात यायचेत. पोर करील, आणि मला ते बघायचं आहे.

भावा, रागावू नकोस. तुझंच निस्तरतेय, पण हसत हसत.

साक्षीदार:
१. डॉक्टर, ज्यांना उद्या सकाळीच हवं होतं. (सही)
२. केंद्राशेजारचे चष्मेवाले, यातलं त्यांना काही कळत नाही, म्हणूनच बोलावले. (सही)

लिहून ठेवणारी: (सही, सुई नसलेल्या मोकळ्या हाताने)
ठिकाण: डायलिसिस केंद्र, खिडकीजवळचं मशिन
दिनांक: प्रोग्रॅमने वर छापला आहे तोच
वार: रविवार