हात थांबतो तिथे

४ मार्च

पोचले एकदाची! बदलीचा हुकूम आला तेव्हा निनाद म्हणाला होता, काशीला लोक म्हातारपणी जातात, तू छत्तिशीतच निघालीस, तेही नवऱ्याला मागे सोडून. मैदागिनपर्यंत ऑटो मिळाली, पुढे गल्ल्या. सामान घेतलेला माणूस पुढे, मी मागे, आणि वाटेत एक बैल आडवा बसलेला. त्याला ओलांडून गेलो.

खोली मंगला गौरीच्या देवळाजवळ, वरच्या मजल्यावर. घरमालकीण प्रभावतीकाकू, साठीच्या, एकट्याच राहतात. त्यांचे पूर्वज कधीतरी कोकणातून आले. त्यांचं मराठी ऐकत राहावंसं वाटतं. मला म्हणाल्या, "जीना जरा खडा आहे हं बेटा, संभाळून ये." खायला चुडा-मटर दिला, म्हणजे मटार घातलेले पोहे, वर आल्याचा कीस. खिडकीतून दोन भिंतींच्या फटीत गंगा दिसते. पलंग मोठा आहे, शिसवी. फार छान वाटतंय.

९ मार्च

बँकेतली माणसं बरी आहेत. सगळे आरामात. दुपारी दुर्गाघाटाच्या गल्लीतून चालत आले, तिथे सत्यनारायणाच्या पोथ्या आणि जानवी विकणारं दुकान आहे, मालक माझ्याशी मराठीत बोलला आणि दोन वाक्यांत हिंदीवर घसरला.

ज्यासाठी ही वही घेतली ते आता लिहिते. आई त्रेचाळिसाव्या वर्षी गेली, स्तनाच्या कॅन्सरने. ताई गेल्या वर्षी, त्याच आजाराने. ताईनंतर माझी जनुकांची तपासणी केली. दोष माझ्यातही आहे. पुण्याच्या डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. दर सहा महिन्यांनी तपासत राहायचं, नाहीतर आजार व्हायच्या आधीच दोन्ही स्तन काढून तिथे इम्प्लांट बसवून घ्यायचं. निनाद म्हणाला, तू ठरवशील ते. मी काहीच ठरवलं नाही. बदली आली, ती घेतली.

हे लिहिताना रडू यायला हवं. येत नाही.

१७ मार्च

इथल्या रुग्णालयात डॉ. मिश्रांना भेटले. पन्नाशीच्या बाई, घाई नाही. त्यांनी इम्प्लांट माझ्या हातात दिलं. मळून ठेवलेल्या कणकेच्या गोळ्यासारखं लागलं. वरची त्वचा तशीच ठेवतात, आतलं सगळं काढतात आणि त्याच शस्त्रक्रियेत हे आत बसवतात. स्तनाग्रं ठेवायची का, आकार हाच हवा का, असं विचारत होत्या. शिंप्याकडे माप द्यावं तशी मी उत्तरं दिली. शेवटी म्हणाल्या, "देखने में वैसा ही रहेगा. महसूस नहीं होगा, ये समझ लीजिए."

समजलं म्हटलं. विचार करून कळवते म्हटलं.

२२ मार्च

आज चौथा शनिवार, सुट्टी. जेवून आडवी झाले. दुपारी ही गल्ली इतकी शांत होते की खालच्या घाटावरचं कपडे आपटणं ऐकू येतं.

झोप लागली होती. डाव्या स्तनावर हात फिरत होता. बोटं सपाट ठेवून, छोटे गोल काढत, बाहेरून आत. गाठ शोधताना फिरवतात तसा. मला वाटलं माझाच हात, झोपेतसुद्धा सवय गेली नाही. डोळे उघडले तर माझे दोन्ही हात उशीखाली होते.

स्वप्न असणार.

३० मार्च

सकाळी उकळता चहा छातीवर सांडला. काकू ओरडल्या म्हणून कळलं. कातडी लाल झाली होती, पण मला काही जाणवलं नाही. खोलीत जाऊन पिनेने टोचून पाहिलं. डाव्या बाजूला तळहाताएवढी जागा बधिर आहे. तिला बोटंही आहेत. म्हणजे कडा तशा आहेत.

३१ मार्च

डॉ. मिश्रांनी टोचून, चेपून पाहिलं. त्यांच्या हाताला काही लागत नाही. ताण आहे म्हणाल्या. नस दबली असेल. एमआरआय करून घेऊ म्हणाल्या.

बधिरतेबद्दल निनादला सांगितलं. हाताबद्दल नाही.

६ एप्रिल

पुन्हा. दुपारीच. या वेळी मी जागी होते. पाठीवर पडले होते, पंखा बघत. ब्लाउजच्या आत हात आला. दिसत काहीच नव्हतं, कापड मात्र हलत होतं. गार असता तर बरं झालं असतं. कोमट होता. बाईमाणसाचा.

उजवीकडे फिरला. मग डावीकडे. डावीकडे बाहेरच्या अंगाला, काखेच्या खाली, थांबला. एका बोटाने दाबलं. सोडलं. पुन्हा तिथेच दाबलं.

मला ओरडता आलं नाही. खरं म्हणजे ओरडावंसं वाटलं नाही. नुसती पडून राहिले. आपलं काम चाललंय आणि दुसरं कोणी करतंय, असं.

आता उजवी बाजूही बधिर आहे.

१० एप्रिल

एमआरआय स्वच्छ. दोन्ही बाजूंना काही नाही. डॉक्टर हसल्या. मी त्यांना ती जागा बोटाने दाखवली, इथे परत बघा म्हटलं. त्यांनी बघितलं. काही नाही म्हणाल्या.

१२ एप्रिल

काकूंना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही त्यांचा. विचारलं फक्त, "कुठे रुकली?"

मी जागा दाखवली. त्यांनी डोळे मिटले.

मग एकेक सांगितलं. त्यांची मुलगी अंतरा. याच खोलीत, याच पलंगावर राहायची. लग्न ठरलं होतं तेव्हा तिला गाठ लागली. तिने कोणालाच सांगितलं नाही. लग्न मोडेल म्हणून. दुपारी घर झोपलं की दार ओढून घ्यायची आणि हाताने बघत बसायची, वाढली का, वाढली का. सांगितलं तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. ती गेल्यावर काकूंनी खोली भाड्याने दिली. फक्त बायकांना. सुरेखा नावाची शिक्षिका होती, तिच्यावर हात फिरला आणि थांबला. काकूंनीच तिला ओढून डॉक्टरकडे नेलं. लवकर सापडलं. ती जगली.

"घाबरू नको गं. ती फक्त बघते. बघून जाते."

मी विचारलं, मला आधी का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, सांगितलं असतं तर तू राहिली असतीस? मग हळूच म्हणाल्या, कोणी राहिलं तरच ती येते ना. मला तिची पावलं वाजलेली कळतात.

तांदळातला खडा काढून त्यांनी बाजूला ठेवला.

१३ एप्रिल

ठरवलं. दोन्ही काढायचे. निनादला फोन केला. तो रडला. म्हणाला, मला चालेल का असं मनातसुद्धा आणू नकोस, तू हवी आहेस. चांगलं बोलला. मी ऐकलं. ऐकताना भिंतीवरची पाल बघत होते.

डॉ. मिश्रांनी विचारलं, एमआरआय चांगला आला आणि आता एकदम घाई का? भीती वाटते म्हटलं. ते त्यांना पुरलं.

मी आता खाली बैठकीत सतरंजीवर झोपते. काकू रोज दुपारी वर जाऊन पलंगावरची चादर झटकतात. मग खोलीत बोलत बसतात. एकट्याच.

२२ एप्रिल

निनाद आला. रजा काढून. खोली सोडली, सामान बांधलं. काकूंनी डोक्यावरून हात फिरवला तेव्हा मी मागे सरकले. त्यांना कळलं. "येत जा बेटा," म्हणाल्या. कोणाच्या वतीने म्हणाल्या, कोण जाणे.

रुग्णालयात डॉक्टरांनी शाईच्या पेनने छातीवर रेघा काढल्या. पेन टेकलेलं कळत नव्हतं. आरशात बघितलं, शेवटचं. निरोप घ्यावा असं ताई म्हणाली असती. मला काही सुचेना.

२७ एप्रिल

झालं. दोन्हीकडे नळ्या आहेत, त्यातून पाणी येतं. निनाद त्या रिकाम्या करतो, तोंड न वाकडं करता. हात वर जात नाहीत. छाती कोणा दुसऱ्याची आणून ठेवल्यासारखी. दिसायला माझी.

शहराच्या लंका नावाच्या भागात, रुग्णालयाजवळ गेस्टहाउस घेतलंय. गल्ली नाही, तो पलंग नाही. लोखंडी खाट.

६ मे

काढलेल्या भागाचा अहवाल आला. डावीकडे बाहेरच्या अंगाला, काखेच्या खाली, कॅन्सरची अगदी सुरुवात होती. इतकी लहान की एमआरआयला दिसली नाही. सगळी निघाली. आणखी उपचार लागणार नाहीत. डॉ. मिश्रा उठून माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, आपके भीतर की आवाज़ ने बचा लिया.

निनाद घाटावर जाऊन हात जोडून आला.

मी वाचले. असं म्हणायचं. वाचले.

१० मे

निनादने आज विचारून हात ठेवला, टाक्यांच्या वर, हलकेच. कळतंय का? नाही म्हटलं. त्याने तसाच ठेवला. मला त्याचा हात दिसत होता.

१४ मे

दुपार. निनाद औषधं आणायला गेलाय.

छातीवर हात आला. कळला. निनादचा कळत नाही, नर्सचा नाही, सुई नाही — हा कळला. प्रत्येक बोट. कोमट. गोल काढत, बाहेरून आत. या मेलेल्या कातडीत तेवढंच जिवंत.

ती तिथलीच नाही. माझ्याबरोबर आली —

काही सापडलं नाही. सापडायला उरलंय काय. गेली.

१५ मे

काकूंना फोन केला. म्हटलं तिला बोलवा परत. त्या रडत होत्या. खोली चुप आहे म्हणाल्या. पावलं नाहीत. "तुझ्याकडे आहे ना ती? बरी आहे ना?"

फोन ठेवला.

१६ मे

डॉक्टरांना विचारलं, या दोषाने आणखी कुठे होतं. अंडाशयात म्हणाल्या. त्याचं पुढे बघू, चाळिशीनंतर, इतक्यात काळजी नको.

निनादला म्हटलं आज जाऊ नकोस. दूध आणतो, पाच मिनिटं —

१६ मे, दुपार

लिहीत राहिले तर जाईल. बसून आहे. आडवी होणार नाही.

छातीवर. दोन्हीकडे. मन लावून बघतेय.

आता खाली. बरगड्या. मी म्हणतेय नको. अंतरा, नको. तिला ऐकू येत नसावं — किंवा —

पोट. बेंबीखाली. जिथून हात गेला तिथली कातडी झोपत चाललीये.

जिन्यावर निनाद. चप्पल वाजली.

उजवीकडे. आणखी खाली. सावकाश

थांबली

दाबते