कानावर ओढलेले केस

प्रिय ताई,

वरचा शब्द दोनदा खोडला आणि पुन्हा लिहिला. पत्राला तोंड लागतं म्हणून ठेवलाय, त्यातून जास्त काही काढू नकोस. फोन केला असता, पण फोनवर मी तोंड उघडलं की तुझ्या पार्लरमध्ये नेमकं गिऱ्हाईक येतं. कागदावर कोण येणार? आठवी नापासाचं अक्षर आहे, लावायला त्रास होईल. चष्मा लाव, खुर्ची ओढ आणि सगळं वाच. मध्येच फाडलंस तर खालचं राहील, आणि खालचं तुझ्या लेकीचं, आपल्या टिटवीचं आहे.

आधी माझं. तू विचारलं नाहीस तरी सांगतो, माझ्या कानावरची गाठ गेली. सात महिने झाले. आता बोट फिरवलं तर नुसती रेघ लागते, पँटच्या शिवणीसारखी. अजून पाच महिने ती तशीच राहिली तर जिंकलो, असं इथली डॉक्टरीण म्हणते. दर सकाळी उठल्या उठल्या आधी हात कानाकडे जातो.

तुला आठवत नसेल, मला आठवतं. मी सतरा वर्षांचा होतो. कान टोचायची नवी गन आली होती आणि गिऱ्हाइकावर पहिला हात चालवायची तुझी छाती होत नव्हती. झाडू मारत होतो तिथून मला ओढलंस, म्हणालीस हलू नकोस रे गाढवा, मुंगी चावेल एवढंच. कानाच्या वरच्या कडेला, जिथे हाड लागतं तिथे, खट्. तिसऱ्या दिवशी बाळी घातलेला माझा फोटो काढलास आणि मोठा करून आरशाशेजारी लावलास. खाली लिहिलंस, ‘वेदना नाही, डाग नाही.’ तो फोटो अजून तिथेच आहे, टिटवीने सांगितलं. लाज वाटत नाही का गं? गाठ आली ती चौथ्या महिन्यात. तिचा फोटो नाही काढलास.

उष्णतेची आहे म्हणालीस. मग टूथपेस्ट लावलीस, मग हळद, मग कोणीतरी सांगितलेलं काळं मलम. गाठ वाटाण्याची बोराएवढी झाली तेव्हा कुठे मोठ्या दवाखान्यात नेलंस. त्या डॉक्टरांनी कापली. तू शेजारच्या खुर्चीवर बसली होतीस, म्हणून म्हणतो, मला कळलं नव्हतं असं म्हणू नकोस. त्यांनी तुझ्याकडे बघून सांगितलं होतं की हे केलॉइड आहे, जखमेवर वाढत जाणारी गाठ, नुसतं कापून भागत नाही, परत येतं. महिन्याला एक इंजेक्शन, जेल, आणि कानाला हा चाप, दिवसरात्र. तू मान डोलवत होतीस. पार्लरमध्ये नवऱ्या मुली बसल्या की डोलवतेस तशी.

चाप नऊ दिवस टिकला. दहाव्या दिवशी मेकअपला आलेल्या एका बाईने विचारलं, पोराच्या कानाला काय झालं हो? तू म्हणालीस, दारात चेंगरला. ती गेल्यावर चाप काढून पिनांच्या ड्रॉवरमध्ये टाकलास. गिऱ्हाईक असेपर्यंत काढत जा, म्हणालीस, लोक काय म्हणतील, कान टोचून घ्यायला कोण बसेल माझ्यासमोर? तुझं गिऱ्हाईक सकाळी दहापासून रात्री आठपर्यंत. पुढे तो ड्रॉवरमध्येच राहिला. एक इंजेक्शन झालं, दुसऱ्याला पार्लर बंद ठेवून कोण येणार होतं? पाच महिन्यांत गाठ परत आली, दुप्पट. आणि तू काय केलंस? कात्री घेतलीस. डाव्या बाजूचे केस कानामागे, उजव्या बाजूचे गालावर ओढून हनुवटीपर्यंत. फॅशन आहे म्हणालीस. गल्लीत मला ‘अर्धा पडदा’ म्हणायला लागले. दोन वर्षं मी मान तिरकी ठेवून तुझ्या पार्लरमधले केस झाडले. मग एक दिवस झाडू दाराला टेकवून ठेवला आणि निघालो. तू सगळ्यांना सांगितलंस, पोराच्या पायाला भिंगरी आहे, कुठे टिकणारच नाही. टिकलोय बघ. चार वर्षं एकाच कारखान्यात.

इथे दरवाजे-खिडक्या बनतात. लाकूड कापायची मशीन चालू झाली की छातीत आवाज घुमतो, म्हणून कानावर मोठे मफ लावल्याशिवाय आत सोडत नाहीत. गेल्या वर्षी मला पॅकिंगमधून मशीनवर घेतलं, तर माझ्या गाठीवर मफ बसेना. दाबून बसवला तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत रक्त. फोरमनने दोन आठवडे बघितलं आणि म्हणाला, एक तर कानाचं काहीतरी कर, नाहीतर उद्यापासून भुसा झाड. पुन्हा झाडू! मी त्याच दिवशी कातडीच्या डॉक्टरणीकडे गेलो.

बाई आपल्या शाळेच्या हेडबाईंसारखी आहे, चष्म्यावरून बघते. लगेच कापलं नाही. आधी तीन महिने, महिन्याला एक, गाठीतच इंजेक्शन. ताई, ती सुई गाठीत जाते ना, तेव्हा माणसाला आई आठवते, आणि मला तर तूही आठवलीस, शिव्यांसकट. गाठ मऊ झाल्यावर कापली. त्याच दिवशी तिथेच पुन्हा इंजेक्शन. टाके निघाल्यावर कानाच्या मापाचा चाप बनवला, प्लास्टिकच्या दोन चकत्या आणि बारीक स्क्रू. घट्ट पण रक्त थांबेल इतका नाही, कान पांढरा पडला तर सैल करायचा. मशीनवर मफ लावायचे आठ तास काढायचा, बाकीचे सोळा तास, जेवणाच्या सुट्टीतही, लावायचा. शिवाय सिलिकॉनचं जेल आणि दर महिन्याला तिला कान दाखवायचा. जरा फुगवटा दिसला की सुई. म्हणते, कापणं हे निम्मं काम, उरलेलं निम्मं कंटाळवाणं असतं आणि तेच लोक सोडतात. मग चष्म्यावरून बघून विचारलं, पहिल्या वेळी अर्ध्यावर कोणी सोडलं?

तुझं नाव अगदी दातांपर्यंत आलं होतं. मी म्हणालो, मीच.

का म्हणालो ते विचारू नकोस. मला माहीत नाही, आणि त्याचे आभारही मानू नकोस. खरं तर चाप निघाला तेव्हा मलाही बरंच वाटलं होतं, हेही आता लिहून टाकतो. पण मी सतरा वर्षांचा होतो आणि तू एकोणतीस.

तिने आणखी एक विचारलं, घरात कोणाला असं आहे का? मला आईचा दंड आठवला. लस टोचली होती तिथे ती गुळगुळीत गाठ, माझ्या लहानपणी आपण दोघं बटण म्हणून दाबायचो. तीच ती. घराण्यात असतं म्हणे. म्हणजे आपल्यापैकी कोणीही गरज नसताना टोचून घ्यायचं नाही. माझ्यावर आधी गन चालवलीस तेव्हा तुला हे माहीत नव्हतं, ते मी सोडून देतो. पण माझा कान बघितल्यावर तर माहीत झालं होतं!

इथली पोरं मला ‘फोनवाला’ म्हणतात. चाप लावून जेवायला बसलो की एकजण तरी ओरडतो, ठेव रे फोन, बायको पळून नाही जात! नव्या साहेबाला खरंच वाटलं, जेवणाच्या सुट्टीत म्हणाला मी समोर बोलतोय आणि तू कानात गाणी ऐकतोस? स्क्रू काढून दाखवावा लागला. हसतात, मीही हसतो, पण चाप काढत नाही. तुझ्या एका गिऱ्हाइकाने विचारलं तर तू नऊ दिवसांत मोडलीस. मला रोज तीस जण विचारतात.

आता टिटवीचं. तिच्या बाराव्या वाढदिवसाचा फोटो पाठवलास तो मी सगळ्यांना दाखवला, माझी भाची म्हणून. तीन दिवस खिशात घेऊन फिरलो. चौथ्या दिवशी बसमध्ये पुन्हा काढला आणि नीट बघितला. डावीकडचे केस कानामागे. उजवीकडचे गालावर ओढून हनुवटीपर्यंत. हा कट जगात दोनच डोक्यांवर झालाय, ताई. तू पार्लरमध्ये असतेस त्या वेळी घरी फोन केला. टिटवीने उचलला, कानाचं विचारलं तर रडली. भिंतीवरच्या फोटोत मामाला आहे तशीच वर बाळी हवी, म्हणून तिने हट्ट धरला आणि तू टोचलंस. गाठ वाटाण्याएवढी आहे. कोणाला सांगायचं नाही असं आईने सांगितलंय. आणि येत्या शुक्रवारी कोपऱ्यावरचा डॉक्टर पाच मिनिटांत कापून देणार आहे. कापायचं नाही. ऐकतेस ना? नुसतं कापायचं नाही. एवढ्याशा गाठीला कदाचित सुईनेच भागेल, ते कातडीचा डॉक्टर ठरवेल. मी सुट्टी टाकली आहे, गुरुवारी सकाळी दारात उभा असेन आणि तिला घेऊन मीच जाईन. तिला चाप लावावा लागला तर शाळेत पोरी हसतील, म्हणून मी माझा लावूनच येतोय. मामा-भाची गल्लीतून एकदा जाऊन येऊ, दोघांचे केस कानामागे. तुझ्याशी मी बोलेन असं समजू नकोस. तू फक्त मी येण्याआधी भिंतीवरचा तो फोटो उतरवून ठेव.

टिटवीचा मामा, आणि काही केल्या सुटत नाही म्हणून,
तुझाच भाऊ