दोनशे बारा होकार

४ मे
राजीनामा दिला. कॉलेजच्या ऑफिसात बारा वर्षं क्लार्की केली, बस्स झालं. आता राजारामपुरीत केबिन क्रू, म्हणजे हवाईसुंदरी ट्रेनिंगचा स्वतःचा क्लास काढणार. बायकोला सांगितलेलं नाही. संयोगिताला आधी आकडे लागतात.

५ मे
मार्केट साइज काढला. जिल्ह्यात दरवर्षी बारावी पास मुली वीस हजार (मीच धरल्या). त्यातल्या दहा टक्के, म्हणजे दोन हजार. क्लासचा हॉल लहान पडणार. टेन्शन.

११ मे
कागल स्टँडवर सर्व्हे. फॉर्म दोनशे चौदा, होकार दोनशे बारा. बयाबाई नावाच्या आजी नको म्हणाल्या, "मला यष्टीतबी उलटी हुती." दुसरा कंडक्टर, घाईत होता. दोघंही टार्गेट ग्रुपमध्ये बसत नाहीत. डिमांड शंभर टक्के!

१५ मे
संयोगितानं फॉर्म वाचला. प्रश्न : विमानात बसायला आवडेल का? म्हणाली, "व्हय म्हणणार न्हाईत तर काय? बसायचं इचारलंय, राबायचं न्हाय." रिसर्च तिचा विषय नाही. राजीनाम्याचं सांगणार होतो, राहिलं.

२६ मे
कॉलेजातून साहेबांचा फोन. राजीनामा शनिवारपर्यंतच मागे घेता येईल, मग जागा भरणार. "भरा," म्हणालो. आवाज बारीक आला. रेंज नव्हती.

३० मे
शनिवार. पाचपर्यंत घड्याळ बघत बसलो. सहज.

३१ मे
मोफत सेमिनार. खुर्च्या दीडशे, माणसं सात. सहाजण विमानाची फुकट फेरी आहे असं समजून आलेले. चहा पिऊन गेले. उरली नेसरीची स्नेहल, वही घेऊन. "सर, निवड झाली की विमान कंपनीच शिकवती की. मग तुमचा क्लास कशाला?" पाणी प्यालो. "तुम्ही कवा विमानात बसलायसा?" परत पाणी प्यालो. तिनं वही मिटली.

१ जून
संयोगिताला सगळं सांगितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. आधी पासबुक काढून आकडा बघितला. मग म्हणाली, "उद्या जाऊन साहेबांचे पाय धरा."

२ जून
कॉलेजात ॲडमिशनची गर्दी. माझ्या खुर्चीत नवीन माणूस. मान वर न करताच म्हणाला, "पावणं, भाईर लायनीत बसा. नंबर आला की हाक मारतो."
बसलो.