खालच्या कप्प्यातले कंद

आई, काल बागेच्या दुकानात मी डॅफोडिलचे कंद निवडत होते. यंदा पहिल्यांदाच आम्हाला थोडं अंगण असलेलं घर मिळालंय, इथेच, कुवेतमध्ये. तू लावायचीस तशा रानटी, बुटक्या जातीच लावायच्या असं मी ठरवून गेले होते. एकेक कंद अंगठ्याने दाबून बघत होते, मऊ लागला की बाजूला. शेजारी माझी लेक मोबाइलमध्ये डोकं घालून उभी. तिने मान वर केली आणि म्हणाली, "मम्मा, दीज आर जस्ट ओनियन्स." दुकानदार हसला. मी पिशवी तिथेच ठेवली आणि गाडीत येऊन बसले. इतक्या वर्षांनी एवढं हादरायला होईल असं वाटलं नव्हतं.

सालमियाच्या आपल्या फ्लॅटमागे वाळूची एक चिंचोळी पट्टी होती. इमारतीच्या हारिसच्या, म्हणजे त्या इजिप्शियन रखवालदाराच्या बायकोचं बाळंतपण तू निभावलंस आणि पट्टी तुझी झाली. तू नर्स होतीस त्या वॉर्डातली स्कॉटिश डॉक्टरीण सुट्टीवरून येताना कंद आणायची. पहिल्या वर्षी तिने मोठ्या, कर्ण्यासारख्या पिवळ्या फुलांचे आणले. नुसती पानं आली. "मोठ्या घरच्या पोरी," तू म्हणालीस, "यांना थंडी पाहिजे, पाणी पाहिजे, वर कौतुक पाहिजे." मग तू रानातल्या जाती मागवल्यास. एकाच देठावर झुबका येणारी, पांढऱ्या पाकळ्यांची आणि मधे पिवळी वाटी असलेली, तिला इथले लोक नर्गिस म्हणतात. दुसरी वीतभर उंचीची, गवतासारख्या पानांची, पिवळी, जिच्या दोन फुलांनी अख्खा जिना घमघमायचा. तिसरी तुझी सगळ्यात लाडकी. तिला पाकळ्या नावालाच, बाकी सगळा फुगलेला परकर. कडक उन्हाळा ही या जातींची झोप असते, असं तू सांगायचीस. बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, मग आपणही त्याच जातीचे व्हायला हवं होतं.

पिवळ्या बुटक्यांना मात्र लावण्याआधी थोडी थंडी दाखवावी लागायची. म्हणून ऑगस्ट लागला की त्यांची कागदी पिशवी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. एकदा मी तिथे सफरचंदं ठेवली तर तू माझ्यावर केवढी उखडली होतीस. "फळांच्या वाफेनं आतलं फूल मरतं. फूल आत्ताच आत आहे. दिसत नाही म्हणजे नाही, असं समजू नकोस." तेव्हापासून आपल्या घरात सफरचंदं टेबलावर सडत आणि कंद गारव्यात झोपत. घरी येणारी प्रत्येक बाई हसायची. तुला त्याचं काही नव्हतं.

नव्वदच्या त्या ऑगस्टमध्ये इराकी रणगाडे आले. मीना अब्दुल्लाच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात बाबांच्या हाताखाली अलिबागकडचा एक वेल्डर होता, एकटाच राहायचा. कामगारांच्या कॅम्पमध्ये लूटमार झाली तेव्हा बाबा त्याला घरी घेऊन आले. मी त्याला काका म्हणायचे. तू ड्यूटीवर, बाबा खुबूसच्या, म्हणजे इथल्या रोटीच्या, रांगेत किंवा बसची जागा मिळते का बघायला, आणि स्वयंपाकघरात काका. चौदा वर्षांच्या मला त्यांनी एवढ्या महिन्याभरात मासळी न घालताही कालवण कसं लागावं तसं लागतं, हे पटवून दिलं होतं. बकाल्यात, कोपऱ्यावरच्या वाण्याकडे, कांदा मिळेनासा झाला होता. शेवटी आपल्या तिघांना आणि काकांना इराक-जॉर्डनमार्गे जाणाऱ्या बसमध्ये जागा मिळाली. निघायच्या आदल्या दिवशी काकांनी फ्रिज आवरायला घेतला आणि त्यांना खालच्या कप्प्यातली पिशवी सापडली.

दुपारी बटाट्याचा रस्सा केला त्यांनी, अख्खे पांढरे कांदे सोलून घातलेला. चेहऱ्यावर काय आनंद होता. बाबांनी एक घास घेतला आणि कडू म्हणून ताट सरकवलं. मी खुबूसला जॅम लावून खाल्लं. काका मात्र सगळं जेवले. आपल्या घासातला घास आपण त्यांना दिलेला, आणि त्या दिवसांत अन्न टाकायचं म्हणजे काय. कडू कांदा तसाच गिळत राहिले.

तू आलीस तेव्हा ते मोरीत ओकत होते. तू आधी ओट्यावरची सालं पाहिलीस. हे कंद विषारी असतात, हे घरात फक्त तुला माहीत होतं. मी तुझ्याकडे बघत होते. रक्ताचं काही वाटत नसलेली माझी नर्स आई एकेक साल उचलून किती कंद पोटात गेले ते मोजायला लागली. "वैनी, मना वाटला आपल्या गावचाच कांदा हाय," काका म्हणाले. कपडे न बदलता तू हॉस्पिटलात परत गेलीस आणि सलाईनच्या बाटल्या घेऊन आलीस.

सकाळी ते बसवून बसत नव्हते. शाळेच्या मैदानात आपली बस उभी आहे, बाबांनी बॅगा चढवल्यात, मी खिडकीशी, तू माझ्या शेजारी. काकांना हारिसच्या खोलीत झोपवून आलो होतो. बस सुरू होते आणि तू उठतेस. मला वाटतं, पाणी घ्यायला.

"तो मरणार नाही, तूच म्हणालीस रात्री," बाबा म्हणतात.

"सलाईन लावणारं कुणी असेल तर नाही मरणार."

"आणि ही?"

"हिला तुम्ही आहात. त्याला कोण आहे?" एवढं बोलून तू उतरलीस. बाबांना म्हणालीस, "अहो, पुढच्या बसनं येते." माझ्या डोक्यावरून हातसुद्धा फिरवला नाहीस. फिरवला असतास तर उतरता आलं नसतं, हे मला आता कळतं. तेव्हा मी नुसती तोंड उघडं टाकून बघत होते. तुझ्या जागेवर कुणीतरी आपलं बोचकं ठेवलं आणि बस निघाली.

पुढच्या बसेस आधी लांबल्या, मग बंदच झाल्या. तू वॉर्डात परत रुजू झालीस. जानेवारीत बाँब पडायला लागले तेव्हा तू काविळीने पडली होतीस. हे सगळं आम्हाला कळलं एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात, काका पुण्याला, आम्ही राहत होतो त्या मामाच्या दारात येऊन उभे राहिले तेव्हा. अंगावर हाडं तेवढी उरलेली. मूठमाती त्यांनीच दिली होती तुला. बाबांनी त्यांना आत या म्हटलं नाही. उंबऱ्याबाहेरूनच ते म्हणाले, "वैनी मना कदी बोलल्या नाय. म्हनायच्या, 'अवषद आनि अन्न येका कपाटात ठेवाचा नाय, ह्या मीच वॉर्डातल्या पोरींना शिकवते. चूक माजी हाय.'" मग ते जिन्यात खाली बसून रडले. मला त्यांची दया आली नाही, आई. मला वाटलं, याच्याऐवजी तू का नाही आलीस. अजूनही वाटतं.

माझ्या नवऱ्याला, लेकीला, ऑफिसात, सगळीकडे मी सांगत आले की माझी आई युद्धात गेली. लोक गंभीर होतात, हात दाबतात. चार फुलांच्या कंदांचा रस्सा झाला म्हणून गेली, असं कुणाला सांगायचं? ऐकणारा हसेल, एवढीच मला भीती आहे.