पल्ल्यातच होता

रवि., ४ मे
चाळ पाडणार, खोली रिकामी करून द्यायला दोन आठवडे उरले. माळ्यावर जुना कॉम्प्युटर सापडला, भंगारात दिला. पण राहवेना, लॅपटॉपवर गेमचा अकाउंट उघडला. पासवर्ड आठवला! माझं जहाज ठेवलं होतं तिथेच उभं, मोठी तोफ अजून बसवलेली. दहा-अकरा वर्षं कोणी हात लावलेला नाही. डोळ्यांत पाणी आलं. चाळिशीला टेकलेल्या माणसाला शोभत नाही, पण आलं.

गुरु., ८ मे
सायली मागे उभी राहून बघत होती. "एवढी मोठी तोफ, मग नेम का चुकतो?"
बायकोला समजावलं. समोरच्या चाळीच्या गॅलरीतून कोणी पळत गेलं तर नजर आरामात मागे जाते. तोच माणूस आपल्याभोवती गोल पळायला लागला की मान पुरत नाही. माझी तोफ तशीच. पल्ला वीस किलोमीटर, पण वळताना म्हैस. म्हणून शेजारच्या खोलीतला मिलिंद लागायचा. तो छोट्या जहाजातून शत्रूला जाऊन चिकटायचा, त्याचा वेग कमी करायचा. मग मी लांबून उडवायचो.
"म्हणजे मार खायचं काम त्याचं."
हो. असं कधी वाटलं नव्हतं तेव्हा.

रवि., ११ मे
आमची खूण आठवली. बाबा नाइट ड्यूटी करून दुपारी झोपलेले, ओरडायची सोय नाही. म्हणून मधल्या भिंतीला पाठ लावून बसायचो, मी इकडे, मि. तिकडे. एक ठोका म्हणजे मार, दोन म्हणजे पळ. हेडफोन असले तरी पाठीला कळायचं. मि.ची आई, काकी, भजी आणून द्यायची, माऊस तेलकट. काय दुपारी होत्या त्या.

मग ती शेवटची लढाई. पाठीत दोन ठोके. मी पळालो. मि.चं जहाज जळालं, सहा महिन्यांची मेहनत. तसाच गॅलरीत आला.
"पळालास?"
"तूच दोन ठोकलेस."
"भिंतीला हात नाही लावला मी. फाटली तुझी, सांग ना सरळ."
"तो पल्ल्याबाहेर होता रे!"
त्यानंतर गेम बंद. बोलणं "काय, कसं" एवढंच. लग्नानंतर तो कल्याणला गेला.

गेममध्ये प्रत्येक लढाईची नोंद राहते. आज उघडली. १९ ऑक्टो. शत्रू अठरा किलोमीटरवर. मि.ने त्याला जवळजवळ थांबवलेलं. माझा एक गोळा चुकला नसता.

शुक्र., १६ मे
काकींना घड्याळ उतरवून दिलं. मधल्या भिंतीवरचं, कायम तिरकं असायचं ते. मागे बॉलपेनने तारीख: १९ ऑक्टो. सालही तेच. काका (दोन वर्षांपूर्वी गेले) घरात आलेल्या प्रत्येक वस्तूवर तारीख टाकायचे, बादलीवरसुद्धा.
"काकी, हे आणलं त्याच दिवशी लावलं?"
"मग! मीच ठोकला खिळा. दोन घाव घातले नि वाकला मेला. म्हटलं, राहू दे तसाच."
"मिलिंद घरात होता?"
"हा काय इथंच. खिळ्यासाठी भिंतीपासून पुढे सरकवला, तर तसाच कानाला लावून बसलेला. घर पडलं असतं तरी कळलं नसतं त्याला."
म्हणजे मि. खरं बोलत होता. ठोक्यांचं मीही. पण पल्ल्याचं मी न बघताच बोललो होतो. आणि घाबरलो होतो, थोडा नाही, चांगलाच.
खिळ्याचा आणि घड्याळाच्या पाठीचा फोटो मि.ला पाठवला. खाली लिहिलं: तो पल्ल्यातच होता. मी बघितलंच नाही.
ब्लू टिक आली.

रवि., १८ मे
सकाळपासून खाली टेम्पो उभा. काकींचं सामान न्यायला मि. आलाय. गॅलरीत समोरासमोर आलो. "काय," म्हणाला आणि आत गेला. केस पांढरे झालेत त्याचे.
आमची खोली रिकामी. मी, ही वही आणि झाडू. मधल्या भिंतीला पाठ लावून लिहितोय. पलीकडे कपाट सरकवतायत, पाठीत कळतंय.
एक ठोका दिला.
कपाट थांबलं.